खालच्यांचं कोर्ट

भुताखेतांच्या त्या मालिकेत शहराखालच्या गटारांत राहणारी माणसं दाखवायची होती. वरच्या लोकांनी हाकलून दिलेली, बघवत नाहीत अशी, आणि दर आठवड्याला आपल्याशी वाईट वागलेल्या एकाला खाली ओढून नेऊन, आपलं कोर्ट भरवून त्याचा निकाल लावणारी. निर्मात्याला वाटलं, चांगल्याभल्या नटांना रोज विद्रूप करत बसण्यापेक्षा तशी माणसं तयारच का आणू नयेत? झालं. शोधाशोध झाली आणि बंद पडलेल्या एका साबणाच्या कारखान्यात ही मंडळी कामाला लागली. भिंतींना अजून साबणाचा वास यायचा. त्या वासात रोज खोटं रक्त सांडायचं.

लांब्या होता. कुठल्याही दारातून त्याला वाकून शिरावं लागायचं, आणि जन्मभर वाकून वाकून त्याची सरळ उभं राहायची सवयच मोडली होती. खवल्या होता. त्याची कातडी माशाच्या खवल्यांसारखी सुटायची आणि तो बसलेल्या खुर्चीवर दुसरं कुणी बसायचं नाही. मामी होती. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत ती सासरच्या स्वयंपाकघरात भाजली. भाजली की भाजवली, हे तिला विचारायचं नाही, असं सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं होतं. आणि टिल्लू होता. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या खांद्याला लागेल एवढाच, पण तोंड म्हणाल तर दहा जणांचं. मालिकेची नायिका पहिल्याच दिवशी त्याला पाहून दचकली, तेव्हा हा म्हणाला, "बाईसाहेब, भिऊ नका. चावायचं म्हटलं तरी मी पोचणार नाही."

मालिकेत या लोकांना 'खालचे' म्हणायचे. थोड्याच दिवसांत सेटवरही तेच नाव चिकटलं. खालच्यांचं जेवण आलं का, खालच्यांना बोलवा, खालच्यांनो जरा तिकडे बसा. जेवायला त्यांना मागच्या गोदामात बसवायचे, कारण त्यांच्यासमोर इतरांच्या घशाखाली घास उतरत नाही, असं कुणीतरी म्हणालं होतं. कोण म्हणालं ते कधीच कळलं नाही. असलं काही बोलायचं असलं की ते नेहमी 'कुणीतरी'च बोलतं.

टिल्लूची थोरली बहीण मुखवटे करायची. तिचा अर्धा चेहरा जन्मापासून जांभळा होता, कपाळापासून पार हनुवटीपर्यंत. तो डाग झाकता यावा म्हणून ती लहानपणी रंग लावायला शिकली, आणि त्यावरच पुढे तिचं पोट चाललं. टिल्लू तिला ताई म्हणायचा म्हणून सगळेच ताई म्हणायला लागले. तिच्याहून वयानं मोठी असलेली मामीसुद्धा ताईच म्हणायची. आईबाप गेल्यावर टिल्लूला तिनंच वाढवलं होतं. शाळेत पोरं त्याला दप्तरात कोंबायची, तेव्हा शाळेत जाऊन मास्तरांच्या टेबलावर हात आपटणारीही तीच. आपल्याला लग्नासाठी कुणी विचारणार नाही हे तिला फार लवकर कळलं होतं, आणि मग जीव लावायला हा एवढासा भाऊ होता, तेवढा तिला पुरला होता.

खालच्यांचा म्होरक्या मात्र देखणा होता. त्याला सगळे हिरोच म्हणायचे. सकाळी ताई त्याच्या तोंडावर तिनं केलेला रबरी मुखवटा चिकटवायची, गाठी, जखमा, लोंबती पापणी, सगळं जागच्या जागी बसवायची, आणि संध्याकाळी तो ते सगळं बेसिनमध्ये धुऊन टाकून घरी जायचा. मामी म्हणायची, "बघा बाई, आमचं कधी नळाखाली जाईल!" रस्त्यात लोक हिरोचे हात धरून रडायचे. टाकून दिलेल्या माणसांचं दुःख तुम्हीच ओळखलंत, म्हणायचे. आता तुम्हाला वाटेल, हा माणूस दुष्ट असणार. तसा नव्हता तो. आपल्या चेहऱ्यावर उजेड कसा पडतोय, यापलीकडे त्याला जग नव्हतं, इतकंच.

टिल्लू गेला तो पेटीच्या प्रसंगात.

प्रसंग असा होता. खालच्यांपैकी एकानं फितुरी केलीय, म्हणून म्होरक्या त्याला लाकडी पेटीत कोंडतो आणि वर बसून राहतो. आतला माणूस ठोकतो, किंचाळतो, मग गप्प होतो. पेटीला मागून एक फळी होती, कॅमेऱ्याला न दिसणारी. ती उघडी ठेवायची, म्हणजे आतल्याला हवा मिळते आणि वाटेल तेव्हा बाहेर सरकता येतं. फळीला बाहेरून कडी होती. त्या दिवशी धूर जरा जास्तच सोडला होता. टिल्लू आत गेला, झाकण पडलं, हिरो वर बसला, आणि आतून असं काही ठोकणं आणि किंचाळणं सुरू झालं की दिग्दर्शकाला 'कट' म्हणवेना. असा जीव ओतलेला अभिनय रोज मिळतो होय? आवाज थांबला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवून झाल्या आणि झाकण उघडलं.

ताई भिंतीपलीकडच्या खोलीत होती. केस वाळवायच्या मशीननं एक मुखवटा वाळवत होती. मशीनच्या घोंघाटातून तिला आरडाओरडा ऐकू आला, शब्द कळले नाहीत. ती हसली. "आज रंगलाय गडी," असं स्वतःशीच म्हणाली, आणि आता याला मोठी कामं मिळतील, असं तिच्या मनात आलं. हे तिनं नंतर कुणालाही सांगितलं नाही, पण स्वतःपासून कुठं लपवणार? जेवताना, कपडे वाळत घालताना, दात घासताना तिला आपलंच ते हसू आठवायचं.

चौकशी झाली. छाती नाजूक होती, धूर जास्त झाला, अपघात. संपलं. निर्मात्यानं तर कहर केला, तो शॉट तसाच मालिकेत दाखवला. टिल्लूला आमची श्रद्धांजली म्हणे! घराघरांत लोकांनी तो पाहिला आणि त्यांच्या अंगावर काटा आला. ताईला मात्र मामीनं हाताला धरून सांगितलं, "तू तेवढा भाग बघू नकोस. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला." लांब्यानं आणि खवल्यानंही तेच सांगितलं. ताईची तरी कुठं छाती होती? तिनं टीव्हीची तारच काढून ठेवली.

पण एक गोष्ट चौकशीत आलीच नव्हती. टिल्लूला बाहेर काढलं खवल्यानं, आणि त्याला मागच्या फळीची कडी बाहेरून लागलेली दिसली होती. ते त्यानं ताईला रडता रडता सांगून टाकलं. मग कुणी लावली? पेटीच्या मागच्या उघड्या फळीवरून उजेड येतोय, आपलं तोंड काळं पडतंय, अशी तक्रार सकाळपासून हिरो करत होता, हे सगळ्या सेटला माहीत होतं. मामी म्हणाली, "मग दुसरं कोण असणार?" खवल्यानं मान हलवली. लांब्या काहीच बोलला नाही, पण तो तसाही कमीच बोलायचा.

तेव्हापासून ताईला एकच ध्यास लागला. कडी कुणी लावली, हे त्या माणसाकडून ऐकायचं. ते ऐकलं की दोष एका जागी जाऊन बसेल, आणि भिंतीपलीकडे आपण हसलो होतो त्याचं ओझं जरा तरी हलकं होईल, असं तिला वाटायचं. ऐकल्यावर काय करायचं तेही तिनं मनाशी पक्कं केलं होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

आणि संधी चालत आली. मालिकेच्या पुढच्या पर्वात म्होरक्याचा चेहरा बदलायचा होता. नवा मुखवटा करायचा म्हणजे हिरोच्या चेहऱ्याचा नवा साचा घ्यायला हवा.

साचा घेतात तो असा. केसांवर घट्ट टोपी चढवायची, भुवयांना, पापण्यांना व्हॅसलिन फासायचं. मग दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात तसला गार लगदा कपाळापासून गळ्यापर्यंत थापायचा आणि वर, मोडलेल्या हाताला बांधतात तशा, प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या. डोळे बंद, तोंड बंद, कान बंद होत आलेले. उघड्या राहतात त्या नुसत्या दोन नाकपुड्या. आतला माणूस बोलू शकत नाही, ओठ हलवले तरी साचा बिघडतो. म्हणून आधीच ठरवतात. 'हो' म्हणायचं तर एक बोट वर, 'नाही' म्हणायचं तर मूठ. भले भले त्यात घाबरे होतात. साचा घेणाऱ्याच्या हातावर सगळा भरवसा टाकून बसावं लागतं.

ताईचा बेत तिघांना कळला होता, पण अर्धाच. हिरोला साच्यात बसवायचं, खोलीची कडी लावायची, आणि मालिकेत भरवतात तसं आपलं कोर्ट खरोखर भरवायचं. त्याला घाबरवून कबूल करायला लावायचं आणि सोडून द्यायचं. मामीला तर हे ऐकूनच हुरूप आला. खवल्या म्हणाला, "नोकरी जाईल," आणि लगेच म्हणाला, "जाऊ दे." लांब्या तेवढा अडून बसला.

"कशाला, ताई? सोड ना. गेलेला परत येतो का?"

"तुला काय झालं?" मामीनं त्याला झापलं. "टिल्लूला खांद्यावर घेऊन फिरायचास तूच ना? आता पाय लटपटतायत होय?"

लांब्यानं मान खाली घातली. येतो म्हणाला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत हिरो आला, खुर्चीत टेकला आणि डोळे मिटत म्हणाला, "ताई, लवकर उरका हं. मला कोंडल्यासारखं होतं यात." त्याच्या मदतनिसाला मामीनं कसलंसं सामान आणायला पिटाळलं होतं. ताईनं टोपी चढवली, व्हॅसलिन लावलं. रोज हाताखालून जाणारा चेहरा होता तो. त्याच्या डाव्या भुवईतला जुना व्रण, नाकाचा किंचित वाकडा कणा, सगळं तिच्या बोटांना पाठ होतं. तिनं लगदा थापला. पट्ट्या बसल्या. पांढऱ्या गोळ्यात दोन भोकं तेवढी उरली, आणि त्यांतून श्वास येऊ-जाऊ लागला.

"ठीक आहे ना?" तिनं कानाशी वाकून विचारलं. एक बोट वर आलं.

मग तिनं दार उघडलं. तिघं आत आले. खवल्यानं कडी लावली आणि तो दाराला पाठ टेकून उभा राहिला. मामी हिरोच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसली. लांब्या कोपऱ्यात, छताखाली मान वाकवून. मालिकेत ते असेच बसायचे. मधल्या खुर्चीवर म्होरक्या असायचा, तेवढा आज आरोपी होता.

"मी एकटी नाही इथं," ताई म्हणाली. "सगळे आहेत. खालचे. तुला फक्त हो की नाही ते सांगायचंय. पेटीची मागची कडी तू लावलीस?"

खुर्चीच्या हातावरची बोटं आवळली गेली. मूठ झाली.

मामी पुढं वाकली आणि प्लास्टरवर टिचकी मारत म्हणाली, "नीट आठव, बाबा. तुझ्या नाकाला दोनच भोकं आहेत, आणि माझी बोटं भाजलेली असली तरी जाड आहेत. कडी तू लावलीस?"

नाकपुड्यांतून श्वास सूं सूं वाजायला लागला. मूठ तशीच राहिली. मग हळूहळू एक बोट वर आलं.

ताईनं डोळे मिटले. इतके महिने छातीवर बसलेला दगड हलला असं तिला वाटलं. आधी मूठ होती, मग बोट झालं, मध्ये मामीची धमकी होती, हे तिला दिसलं नव्हतं असं नाही. पण ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागलेला असतो ते हाती आल्यावर उलटसुलट कोण तपासतं? तिला बोट हवं होतं. बोट मिळालं.

"मुद्दाम?" तिनं विचारलं. बोट खाली आलंच नाही.

"देवा रे!" मामी कळवळली. आणि मग तिला काय झालं कोण जाणे, ती एकदम म्हणाली, "आणि मला? माझ्या साडीला काडी तू लावलीस?"

खवल्या दचकला. मामीनं हा विषय आजवर कुणासमोर काढला नव्हता. बोट थोडं डगमगलं आणि ताठ झालं.

मामी हुंदके द्यायला लागली. "लावली! बघा, हा म्हणतोय लावली. त्या मेल्यांपैकी एकानं तरी कधी हो म्हटलं का? सगळे म्हणाले, स्टोव्ह भडकला!"

खवल्यानं दार सोडलं. जवळ आला, हिरोच्या कानाशी ओणवा झाला. "शाळेत मला विहिरीवरून हाकललं होतं. सगळ्या वर्गासमोर. तूच का तो?" बोट. "माझ्या बायकोला माझ्याविरुद्ध तूच फितवलंस? ती गेली ती तुझ्यामुळेच ना?" बोट. खवल्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि तो हसतही होता. मामीही हसत होती. जन्मभर मनात घेऊन फिरलेले प्रश्न होते ते, आणि आज कुणीतरी प्रत्येकाला हो म्हणत होतं. साच्यातला माणूस ज्यांच्याशी त्याचा काही संबंधही नव्हता अशा गुन्ह्यांसाठी बोट वर करत होता. त्यानं आणखी काय करावं बिचाऱ्यानं?

या गोंधळात ताई मागच्या टेबलाकडे वळली. भांड्यात तिनं नवा लगदा कालवला. नेहमीपेक्षा घट्ट, लवकर आवळणारा. सवयीनं गुठळ्या मोडल्या, कडेनं चमचा फिरवला. मूठभर उचलून ती परत खुर्चीपाशी आली, तेव्हा मामी अजून डोळे पुसत होती आणि तिला वाटलं, ताई कुठलीतरी फट बुजवतेय. ताईनं डावा हात हिरोच्या कपाळावर ठेवला, डोकं मागं टेकवलं, आणि उजवा हात नाकपुड्यांवर नेला.

"नको!"

लांब्या कोपऱ्यातून इतक्या झटक्यात पुढं आला की त्याचं डोकं छताच्या तुळईवर आपटलं. त्यानं ताईचं मनगट पकडलं. लगदा खाली फरशीवर पडला.

"नको, ताई. त्यानं नाही लावली. मी लावली."

फक्त प्लास्टरमधला श्वास ऐकू येत होता.

"काय म्हणालास?" ताईनं विचारलं.

"मी लावली. हा ओरडला, मागून उजेड येतोय, बंद करा ते. सगळे इकडे तिकडे बघायला लागले. माझा हात पोचत होता, मी लावली. मला वाटलं, शॉट छोटाच आहे. लगेच उघडीन." लांब्या अजून तिचं मनगट धरूनच होता. "मग तो किंचाळायला लागला. मी तिथंच उभा होतो, ताई, पेटीला लागून. मला वाटलं, आज टिल्लूनं काय काम काढलंय! मला इतका आनंद झाला. सगळ्यांत पहिली टाळी मी वाजवली."

ताईनं हिरोच्या हनुवटीखाली बोटं घातली आणि साचा ओढून काढला. वेळेआधी काढला म्हणून लगदा फाटला, अर्धा चेहऱ्याला चिकटून राहिला. आतून लालभडक, घामानं आणि व्हॅसलिननं थबथबलेलं तोंड बाहेर आलं. हिरो बराच वेळ नुसता हवा गिळत होता.

"झाकण पडल्यापासून मी पेटीवर बसलो होतो," तो म्हणाला, तेव्हा त्याचा तो गाजलेला आवाज नव्हताच. "दोन्ही हात गुडघ्यांवर. सगळ्या जगानं पाहिलंय ते. मी कडी कशी लावणार? बंद करा म्हणालो, ते म्हणालो. ते माझं." त्यानं तोंडावरचा लगदा पुसला. "पण बाकी... तुम्ही विचारलं असतं तर सख्ख्या आईचा गळा दाबला म्हणूनसुद्धा बोट वर केलं असतं मी."

तो उठला, खुर्चीला अडखळला. खवल्यानं मुकाट्यानं कडी काढून दिली. तो बाहेर जाऊन कुणाला काय सांगेल, पोलीस येतील की निर्माता येईल, याची त्या क्षणी चौघांपैकी कुणालाही फिकीर नव्हती.

ताई मामीकडे वळली. "तुम्ही तो भाग पाहिलाय."

मामी पदराशी चाळा करत राहिली.

"हिरोचे हात गुडघ्यांवर होते, हे तुम्हाला दिसलं होतं. तरी म्हणालात, दुसरं कोण असणार."

"काय करणार होतो गं?" मामी म्हणाली. "आपल्यातला एक गेलाच होता. आता हा दुसरा," तिनं लांब्याकडे हनुवटी केली, "त्यालाही घालवायचं? यानं दुसऱ्याच दिवशी आमच्यापाशी कबूल केलं. ढसाढसा रडला. मी म्हटलं, ताईला सांगू नकोस, तिला जगायला एक वैरी लागेल, तो वरचा असू दे. वरच्याला काय, तो हात धुऊन घरी जाईल. तुझ्या मनात एवढं असेल, हे मला ठाऊक असतं तर..."

"मारला असता मी त्याला," ताई म्हणाली.

"हो गं बाई. दिसलं आता."

ताईला राग यायला हवा होता, आणि आलाही. पण तो कुणावर काढावा ते तिला कळेना. ज्यांच्या ताटात जेवली, ज्यांच्या खांद्यावर रडली, त्यांनीच सगळ्यांनी मिळून तिला एका निरपराध माणसाच्या नाकापर्यंत नेलं होतं. तेही प्रेमानं. वरच्यांनी हाकललेल्यांत ती आजवर एक होती. आज तिला त्यांच्यातही एकटं वाटलं.

लांब्या जाऊन त्या रिकाम्या खुर्चीत बसला. त्याचे गुडघे पार छातीशी आले. "मालिकेत आपण काय करतो, ताई? ज्याचं माणूस गेलं, तो शिक्षा सांगतो." त्यानं मान मागं टेकवली, डोळे मिटले. "सांग. तू म्हणशील ते."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस टिल्लूला खांद्यावर बसवून बाजारातून फिरवायचा, आणि टिल्लू वरून ओरडायचा, 'बाजूला व्हा, पहिल्या मजल्याची माणसं येतायत!' त्याला मारून काय होणार होतं? आणि न मारून तरी काय?

"तू पेटीला लागून उभा होतास," ती म्हणाली. "मग तुला शब्द ऐकू आले असतील. मला भिंतीपलीकडे नुसता आवाज आला. काय म्हणत होता तो आत?"

लांब्यानं डोळे उघडले आणि मामीकडे पाहिलं. मामीनं जोरात मान हलवली, नको म्हणून.

"तिच्याकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ."

"हाका मारत होता," लांब्या म्हणाला.

"कुणाला?"

"तुला. ताई, उघड. ताई, मला इथून काढ. तेच तेच म्हणत होता. लिहिलेल्यात बहीण नव्हतीच, म्हणून दिग्दर्शक माझ्या कानात म्हणाला, बघ, हे पोरानं स्वतःचं घातलं, काय सुचलंय! मालिकेतही तेच ऐकू येतं सगळ्यांना. म्हणून तुला बघू दिलं नाही आम्ही."

खवल्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मामी उठली, ताईच्या पाठीवर हात ठेवायला गेली आणि हात तसाच मागं घेतला. मग ती खवल्याला ओढत बाहेर निघून गेली. दार मागं लोटलं गेलं.

ताईनं मामीचं स्टूल ओढलं आणि ती लांब्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. तिच्या हातावरचा लगदा वाळून पांढरा पडला होता.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

"ताई, नको गं."

"शिक्षा मागितलीस ना? हीच आहे. तो ओरडला तसं ओरडून सांग. मला ऐकायचंय. मी होते तिथं, पण ऐकलं नाही."

लांब्या रडत होता. त्यानं तोंड उघडलं, पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा त्या एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडून बारीक, चिरका, लहान पोरासारखा आवाज आला.

"ताई! ताई, उघड!"

ताईनं दोन्ही हात कानांपाशी नेले आणि ते न झाकता तसेच खाली आणले.

"पुन्हा," ती म्हणाली.

लांब्यानं डोळे पुसले आणि पुन्हा हाक मारली.